पाना कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, या सदरात आपण लोणच्यापासून लेकीच्या लग्नापर्यंत सगळ्यावर बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. गाडीचा. आणि तीही साधीसुधी नव्हे, घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी जोडलेली स्पोर्ट्‌स कार! "आता हे काय नवीन खूळ?" असं मनात आलं ना? माझ्याही आलं होतं. पण हा विषय फिरून आपल्याच उंबऱ्याशी येतो. शिवाय मला एक कबुली द्यायची आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीला मी इंग्लंडला धाकट्या बहिणीकडे गेले होते. ती कॉव्हेंट्रीला असते. मेहुणे कॉम्प्युटरच्या नोकरीत. "ताई, ये गं, खूप फिरू," असं म्हणून तिनं बोलावलं आणि पहिल्याच दिवशी चहा झाल्यावर गॅरेजचं दार उघडून दाखवलं. आत गाडी नव्हतीच, गाडीची हाडं होती! चौकोनी नळ्या जोडून केलेला एक लोखंडी सांगाडा, आपल्या खाटेपेक्षा थोडा लांब. भोवती पुठ्ठ्याची खोकी. भिंतीला लागून एक जुनी माझदा गाडी, तिचं इंजिन काढलेलं, दारं काढलेली, सीटं काढलेली. लग्नघरी मांडव उतरवल्यावर कसं दिसतं, तसं ते दृश्य.

त्या सांगाड्याखालून भाची सरकत बाहेर आली. वय वर्षं सतरा. पँटीवर काळे डाग, नखांत ग्रीस. म्हणाली, "मावशी, मिठी नंतर मारते हं, हात घाण आहेत."

मी हसले खरी, पण मनात काय आलं सांगू? "अगं बाई, या मुलीचं सासरी कसं होणार!" हो, माझ्याच मनात आलं. गावोगाव बचत गटांच्या मेळाव्यात "मुलगा-मुलगी एकसमान" म्हणून भाषण ठोकणारी मी!

घरी गाडी जोडायचा हा छंद इंग्लंडात जुना आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन या इंजिनिअरच्या लोटस कंपनीनं 'सेव्हन' नावाची एक छोटी, उघडी, दोन माणसांची गाडी काढली. त्या वेळी तिथं तयार नव्या गाडीवर मोठा कर होता, सुट्या भागांवर मात्र तो लागत नसे. मग कंपनी सुटे भागच विकू लागली. माणसानं खोकी घरी न्यायची आणि गाडी स्वतः जोडायची. त्यात गंमत अशी की, भागांबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या तर कराची सवलत मिळायची नाही. म्हणून कंपनीनं म्हणे 'गाडी सुटी कशी करावी' याच्या सूचना दिल्या. घेणाऱ्यानं त्या खालून वर वाचायच्या! ही गोष्ट तिकडचे हौशी लोक अजून चवीनं सांगतात. १९७३मध्ये करपद्धत बदलली आणि ती सवलत गेली. त्याच वर्षी ही गाडी बनवण्याचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. कराची सवलत गेली, छंद मात्र राहिला.

मूळ नामांकित गाडी सगळ्यांना कुठून परवडणार? मग तिच्यासारखी दुसरी जोडायची, ती झाली प्रतिकृती. कॅरॉल शेल्बी या अमेरिकी माणसाची १९६२ सालची 'कोब्रा' गाडी अशीच. मूळच्या जेमतेम हजारभर निघाल्या, प्रतिकृती त्याहून कितीतरी जास्त. सेव्हनचंही तसंच. १९९६ साली रॉन चँपियन यांचं एक पुस्तक आलं, अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्‌स कार कशी बनवावी याचं. ते वाचून कितीतरी लोकांनी भंगारातली जुनी फोर्ड आणून घरामागच्या शेडमध्ये काम सुरू केलं. आपल्या महाराष्ट्रातही अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनं याच सेव्हनच्या वळणाची उघडी रोडस्टर बनवली होती.

बहिणीकडची गाडी याच घराण्यातली. ज्या जुन्या गाडीचे भाग काढून घेतात तिला तिकडे 'डोनर' म्हणतात, म्हणजे दाता! आपल्याकडे नेत्रदान करतात तसं त्या बिचाऱ्या माझदाचं इंजिनदान, गिअरबॉक्सदान, स्टिअरिंगदान झालं होतं. काही भाग आणखी एका भंगारातल्या गाडीचे होते. सांगाडा, ॲल्युमिनियमचे पत्रे आणि फायबरचे मडगार्ड तेवढे नवे. तयार झाल्यावर गाडीचं वजन पाच-सहाशे किलो. म्हणजे आपल्या छोट्या अल्टोपेक्षाही हलकी.

पहिले दोन दिवस मी दारातून बघत होते. तिसऱ्या दिवशी भाची म्हणाली, "मावशी, तू डाळींच्या डब्यांना चिठ्ठ्या लावतेस ना, तसं या वायरींचं करशील?" जुन्या गाडीतून काढलेली वायरींची ती जुडी म्हणजे सोडलेल्या वेणीचा गुंता. एकेक टोक कुठून निघालं ते भाची सांगायची, मी कागदी चिकटपट्टीवर मराठीत लिहून डकवायची. 'डावा दिवा', 'हॉर्न', 'पेट्रोलचा काटा'. मेहुणे म्हणाले, "इंग्लंडातली मराठी वायरिंगची ही पहिलीच गाडी असावी!"

मग मला रोज काहीतरी काम मिळू लागलं. दहाचा पाना कुठला, तेराचा कुठला, गोटी पाना कशासाठी, हे नजरेला कळू लागलं. एक पाना तर मला फार आवडला. त्याच्यावर आकडा लावून ठेवायचा. नट हवा तेवढा घट्ट झाला की तो 'टक्' असा आवाज करतो. त्याहून जास्त पिळायचं नाही, नाहीतर आटे जातात, आणि कमीही ठेवायचं नाही. घट्ट झालेल्या प्रत्येक नटावर भाची पांढऱ्या रंगाचा ठिपका देई. ठिपका नाही म्हणजे काम झालेलं नाही. इतकी सरळ शिस्त मी तर आमच्या गटाच्या हिशोबाच्या वहीतही पाहिली नाही!

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पायानं ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकाशी बसून बारीकशी तोटी सैल करायची. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. तोटी बंद केल्यावरच पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत! मी आत बसले. भाची चाकाजवळून ओरडायची, "दाब मावशी... धरून ठेव... हं, सोड." चारी चाकं झाली तोवर माझी पोटरी भरून आली होती. पण मैत्रिणींनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की पायाखालच्या त्या पट्टीपासून चाकापर्यंत नेमकं काय जातं. वीस वर्षं मी स्कूटर चालवते. ब्रेक दाबला की गाडी थांबते, एवढंच माझं ज्ञान होतं.

इंजिन पहिल्यांदा चालू करायचा दिवस आला. बहिणीनं नारळ आणून ठेवला होता. मेहुण्यांनी किल्ली फिरवली. नुसतं 'टक्'. पुन्हा 'टक्'. सगळ्यांची तोंडं उतरली. मेहुणे म्हणाले, बॅटरी गेली. भाची काही बोलली नाही. तिनं मीटर आणला, एकेक जागा तपासली आणि दहा मिनिटांनी म्हणाली, "बाबा, बॅटरी बरी आहे. अर्थिंगची वायर आपण रंगावर बसवली." सांगाडा छान रंगवलेला, आणि रंगातून वीज वाहत नाही! तिनं तेवढ्या जागेचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं, वायर परत आवळली. किल्ली फिरवली आणि इंजिन असं काही गरजलं की शेजारची म्हातारी गोरी बाई दार उघडून बघायला आली.

नारळ फोडला. आणि खोबरं खाता खाता भाची सहज म्हणाली, "मावशी, हे ताईला फार आवडलं असतं ना? मी लहानपणी तिकडे आले होते, तेव्हा तिनं माझ्या सायकलची चेन बसवून दिली होती. ती काय शिकतेय आता?"

"बी.कॉम.," मी म्हणाले. आणि खोबरं घशात अडकलं.

ही माझी कबुली. माझी थोरली लेक लहानपणापासून खोलाखोल करणारी. मिक्सर उघड, इस्त्री उघड. दहावी झाल्यावर तिनं सरळ सांगितलं, "आई, मला आयटीआयला मोटार मेकॅनिकला जायचंय." घरात कुणी विरोध करायच्या आत मीच केला. हे तर म्हणाले होते, "बघू, चौकशी करू." सासूबाईसुद्धा गप्प होत्या. मीच म्हणाले, "वर्गात सगळी मुलं, एकटी तू. हात काळे, कपडे काळे. उद्या स्थळ बघायला आले की काय सांगू, मुलगी गॅरेजात आहे?" ती दोन दिवस जेवली नाही नीट. मग कॉमर्सचा फॉर्म भरून मोकळी झाली. त्यानंतर तिनं घरातली कुठली वस्तू उघडल्याचं मला आठवत नाही. आणि मी समजत होते, पोर शहाणी झाली!

आपण नेहमी पुरुषांना दोष देतो. पण लेकीच्या हातातला पाना काढून घेणारा हात पुष्कळदा आईचाच असतो. भीतीपोटी असतो, मायेपोटी असतो, पण असतो.

आणि हे यंत्र 'बायकांचं काम नव्हे' असं ठरवलं कुणी? १८८८ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी मोटार बनवली होती, पण तिच्यावर लोकांचा विश्वास बसेना. त्यांच्या पत्नी बर्था बेंझ एका पहाटे नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती मोटार चालवत माहेरी निघाल्या! मॅनहाइम ते फोर्त्सहाइम, शंभरावर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं साफ केली. ब्रेकचं लाकूड झिजलं, तर एका चांभाराकडून त्याला चामडं लावून घेतलं. इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनं केला, आणि वाटेतली दुरुस्तीही तिनंच निभावली. आपल्याकडं सुधा मूर्तींनी टेल्कोची 'महिलांनी अर्ज करू नये' अशी जाहिरात वाचून थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि पुढं त्याच कंपनीत नोकरी केली, हे तुम्ही वाचलेलं असेल. आज पुण्यात त्याच टाटांच्या कारखान्यात बायका रांगेनं उभ्या राहून मोठाल्या गाड्या जोडतात.

जुलैमध्ये गाडीची परीक्षा झाली. होय, परीक्षा! घरी जोडलेली गाडी तिथं तशीच रस्त्यावर नेता येत नाही. सरकारी केंद्रात तिची एकेक गोष्ट तपासतात. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, पट्ट्याचे बोल्ट, आरसे. बाहेरचा कुठलाही कोपरा टोकदार चालत नाही, त्याला निदान अडीच मिलिमीटरची गोलाई लागते, म्हणजे चालणाऱ्या माणसाला धक्का लागला तरी तो कापला जाऊ नये. पहिल्या फेरीत आमची गाडी नापास! पुढच्या दोन बोल्टांची टोकं उघडी होती आणि एका पट्टीची कड धारदार. मला वाटलं पोरगी रडेल. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मी असते तर मीही नापास केलं असतं." घरी येऊन कानशीनं कड घासली, बोल्टांवर टोप्या बसवल्या, आणि पुढच्या फेरीत पास.

नंबर हातात येईपर्यंत मात्र मी थांबू शकले नाही. गौरी-गणपतीला घरी हवंच ना! निघायच्या आदल्या दिवशी भाचीनं मला गाडीत बसवलं आणि घरासमोरच्या जागेत वीस पावलं पुढं, वीस पावलं मागं नेऊन आणलं. सीट इतकी खाली की बूड जमिनीला टेकतंय की काय असं वाटावं. एवढाच माझा स्पोर्ट्‌स कारचा प्रवास! पुढं तिनं नंबरप्लेटचा फोटो पाठवला. निरनिराळ्या गाड्यांचे भाग असल्यामुळे ज्या गाडीचं नक्की वय सांगता येत नाही, तिला तिथं 'क्यू' अक्षरानं सुरू होणारा नंबर देतात. मी कळवलं, आम्हा चाळिशीतल्या बायकांनाही असाच नंबर द्या म्हणावं!

आता तुम्ही म्हणाल, "ताई, ही श्रीमंतांची हौस. आपल्या गावात याचं काय?" खरं आहे. खर्च आहे, जागा लागते. शिवाय अशा गाडीला धड छप्पर नाही, एअरबॅग नाही. आपल्याकडं तर अशी घरची गाडी रस्त्यावर आणणं फार अवघड. कारखान्यातल्या प्रत्येक नव्या मॉडेललासुद्धा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेतून मंजुरी लागते, आणि घेतलेल्या गाडीत मनमानी बदल करायलाही कायद्यानं मनाई आहे. रस्त्यावरच्या जिवांचा प्रश्न आहे, नियम हवेतच.

पण हौस काही फक्त श्रीमंतांची नसते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं मुलाच्या हट्टापायी भंगारातले भाग जोडून, साठेक हजार रुपयांत चारचाकी बनवली. दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी! २०२१च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ पाहिला. ही गाडी नियमात बसणार नाही, आज ना उद्या अडवली जाईल, हे ओळखून त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि २०२२च्या जानेवारीत ती त्या कुटुंबाला मिळालीही. मोठं इंजिनिअरिंग न शिकलेल्या माणसाच्या हातात एवढं असतं. मग आपल्या मुलींच्या हातात नसेल का?

परत आल्यावर एका रात्री मी लेकीपाशी बसले. म्हटलं, "चुकलं माझं." ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आई, बी.कॉम. काही वाईट नाही गं. फक्त तेव्हा तू मला एकदाही विचारलं नाहीस की मला हे का आवडतं." यावर मी काय बोलणार? अजूनही माझ्याकडं उत्तर नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये, ऐन मसाल्याच्या दिवसांत, आमच्या गटाचं मिरची कांडप यंत्र बंद पडलं. मोटर फिरे, पण कांडप चालेना. मेकॅनिक तालुक्याहून यायचा, तो म्हणाला चार दिवसांनी. बाहेर मिरच्यांची पोती, बायकांची रांग. दर वर्षी आम्ही अशा वेळी हात जोडून वाट बघतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. या वेळी मी लेकीला फोन केला. ती आली. आधी मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवला, म्हणजे चुकून कुणी चालू करायला नको. मग जाळी काढली. पट्टा सैल पडून घसरत होता, कारण मोटरचे बोल्ट ढिले होऊन ती जागेवरून सरकली होती. मोटर मागं ओढून बोल्ट आवळायचे, एवढंच काम! ओढायला आम्ही चौघी लागलो. अध्यक्षबाईंनी पाना धरला, आयुष्यात पहिल्यांदा. तासाभरात यंत्र सुरू.

लेकीनं हात पुसले आणि काय केलं माहितेय? कपाटातली नेलपॉलिशची बाटली मागितली आणि आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर लाल ठिपका दिला. तो ठिपका मी तिला शिकवला नव्हता. दोघी बहिणींचं फोनवर काहीतरी चाललेलं असतं म्हणायचं!

मैत्रिणींनो, स्पोर्ट्‌स कार जोडा असं मी म्हणत नाही. पण घरात दहा ते सतरा नंबरचे पाने, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक टेस्टर असू द्या. मेकॅनिक येईल तेव्हा चहा देऊन आत जाऊ नका, लेकीला घेऊन शेजारी उभ्या राहा आणि विचारा, "भाऊ, काय झालं होतं?" विजेच्या वस्तूला हात लावण्याआधी पुरवठा बंद करायला तिला पहिल्यांदा शिकवा. आणि दहावीचे निकाल लागल्यावर तुमच्या पोरीनं आयटीआयचं नाव काढलं तर "स्थळाचं काय?" हे शब्द गिळून टाका. तिथं मुलींसाठी जागा राखीव असतात, त्या रिकाम्या राहाव्यात म्हणून नव्हे.

निदान तिला एवढं तरी विचारा, जे मी विचारलं नाही: "तुला हे का आवडतं गं?" आणि ती काय म्हणाली ते मला पत्रानं जरूर कळवा. मी वाट बघते.